चौथीची चाळण

मुरलीधर तांदळेला काळजी करायला कारण लागत नाही, पण कारण मिळालंच तर तो ते वाया जाऊ देत नाही. सिडनीच्या कडेला, स्कोफिल्ड्सच्या नव्या वस्तीत, जिथे घरं एकमेकांची झेरॉक्स काढल्यासारखी उभी आहेत आणि रस्त्याकडेची झाडं अजून काठीला बांधलेली आहेत, तिथे त्याचं दुमजली घर आहे. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी तो आधी बायकोला विचारतो, मग शेजाऱ्याचे डबे बघून येतो, आणि तरी ट्रेनमध्ये बसल्यावर त्याच्या मनात येतं की आज पिवळ्या झाकणाचा होता की लाल? कामावर त्याचं नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून त्याचा ‘मरी’ झाला. हे त्याने निलंग्याला आईला अजून सांगितलेलं नाही. ऐकलं तर ती दृष्ट काढायला विमानात बसेल.

काम मात्र चांगलं. फळं निवडणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. सफरचंदं एका टोकाने आत जातात, कॅमेरे त्यांचा रंग, आकार, डाग बघतात आणि यंत्र त्यांना वेगवेगळ्या पट्ट्यांवर ढकलून देतं. एकही फळ चुकीच्या पट्ट्यावर जाऊ नये ही मुरलीधरची जबाबदारी, आणि काळजीखोर माणसाला असं काम मिळणं म्हणजे माशाला तळं मिळण्यासारखंच.

आता या माणसाचं मूळ सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मुरलीधर लातूर जिल्ह्यातला. तिकडे पोरगं बोलायला लागलं की लोक त्याला टक्केवारी विचारतात. त्याच्या शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा, कारण ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला शाळा नववीतच बसवून ठेवायची. मुरलीधरबद्दल शाळेला शंका होती. तो नववीत नापास झाला आणि जूनमध्ये परत त्याच वर्गात जाऊन बसला, तर पुढच्या बाकावर त्याची सख्खी धाकटी बहीण विनिता. ती आठवीतून वर आली होती. गणिताचे सर तिला प्रश्न विचारायचे, तिने बरोबर उत्तर दिलं की म्हणायचे, “शाब्बास. आता दादाला समजावून सांग.” वर्ग हसायचा. किराणा दुकानदार विचारायचा की काय मुरलीधर, बहिणीच्या सोबतीला थांबलास वाटतं? वर्षभर विचारलं त्याने. पुढे दहावी, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, सिडनीची युनी, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना, घर, सगळं झालं; विनिता आज बँकेत ऑफिसर आहे आणि घरच्या प्रत्येक लग्नात मुरलीधरची ओळख ‘माझा क्लासमेट’ अशी करून देते. सगळे हसतात. मुरलीधरही हसतो, आणि नंतर त्याला जेवण जात नाही.

म्हणून त्याची मुलगी मयूरा हिचं एकही वर्ष इकडचं तिकडे होता कामा नये, हे त्याने ती रांगत असतानाच ठरवलं होतं. इथे मे महिन्यात जन्मलेल्या मुलाला पाच पूर्ण व्हायच्या आधीच जानेवारीत शाळेत घालता येतं, किंवा वर्षभर थांबता येतं. शेजारच्या केटीने आपल्या मुलाला थांबवलं, अगदी हौसेने, लहान आहे अजून, खेळू दे म्हणून. मुरलीधरने तिच्यासमोर मान डोलावली आणि घरात येऊन सुखदाला सांगितलं, “बिचारे. पहिल्याच वर्षी मागे पडले.” मेमध्ये जन्मलेली मयूरा वर्गात सगळ्यांत लहान म्हणून शाळेत गेली. आता ती चौथीत होती, नऊ वर्षांची, दात पडलेली, आणि बाबांनी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी.

तर त्या वर्षी कंपनीने त्याला विचारलं, मूळ कंपनी जर्मनीत आहे, तीन वर्षं तिकडे जाशील का? यंत्रांत रमणाऱ्या माणसाला जर्मनी म्हणजे काशी. तो हो म्हणून मोकळा झाला. सुखदा डेंटल क्लिनिकमध्ये काम करते. तिनेही बिनपगारी रजा काढायची तयारी दाखवली. पेंडल हिलच्या भारतीय दुकानांत जाऊन त्यांनी मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ असा तीन वर्षं पुरेल इतका साठा बघून ठेवला. जानेवारीत जायचं ठरलं. शाळेचं काय, हे विचारायचं राहून गेलं. काळजीखोर माणसाकडून नेमकी मोठी काळजी सुटते, लहान काळज्यांची गर्दीच इतकी असते.

ती काळजी आणून दिली मंजिरीताईने. ही सुखदाची आतेबहीण, वयाने मोठी, पाच-सहा वर्षं जर्मनीत. तिने फोनवर आनंद केला, कुठलं गाव, घर केवढं वगैरे झालं, आणि सहज विचारलं की मयूरा कितवीत? चौथी संपेल म्हटल्यावर तिने महिने मोजले.

“मुरलीधरराव,” ती म्हणाली, “तुम्ही नेमके चौथीच्या मध्यावर येताय हो.”

मग तिने समजावलं. तिकडचं शाळेचं वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, जानेवारीत ते निम्मं होत आलेलं असतं. तिकडे चौथीपर्यंत सगळी मुलं एकाच शाळेत. चौथीत बाई मार्क बघतात, मूल बघतात आणि पाचवीपासून त्याने कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं ते सुचवतात. एक शाळा विद्यापीठाच्या वाटेची, तिला जिम्नाझियुम म्हणतात, एक मधली, एक लवकर हाताचं काम शिकायला नेणारी. राज्याराज्याचे नियम वेगळे, काही ठिकाणी तिन्ही एकत्र असलेल्या शाळाही आहेत, पण ते ज्या राज्यात निघाले होते तिथे बाईंच्या शिफारशीला वजन होतं. मार्कही उलटे, एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे कारभार आटोपला. पुढे वाट बदलता येते, पुष्कळ मुलं बदलतात, हेही मंजिरीताईने दोनदा सांगितलं. मुरलीधरला ते दोन्ही वेळा ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तीन पट्टे सुरू झाले होते आणि कॅमेऱ्याखाली त्याची मुलगी उभी होती, जिला जर्मनचं ‘ग’ म्हणता येत नव्हतं.

पुढचे आठवडे त्याने जेवणाच्या सुट्टीत फक्त जर्मन शिक्षणपद्धती वाचली. जर्मनीहून आलेल्या एका इंजिनिअरला त्याने गाठलं, तर तो म्हणाला, मी मधल्या शाळेतून आलो, पुढे कॉलेज केलं, आणि हा बघ मी. तो मुरलीधरच्या साहेबाचा साहेब होता. मुरलीधरने निष्कर्ष काढला की माणूस विनयशील आहे. आईला रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्याने एवढंच सांगितलं की शाळा शोधतोय. आईने विचारलं की चांगली मिळंल ना रे? मागे त्याच्या दोन्ही आत्या बसल्या होत्या. त्या दोघींचेही कान फोनच्या बाजूला झुकलेले त्याला दिसले.

नोव्हेंबरात त्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने, फ्राउ म्हणजे श्रीमती लिंडनर यांनी, व्हिडिओ कॉल ठेवला. तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. मुरलीधरने इस्त्रीचा शर्ट घातला, मयूराचे केस सुखदाकडून दोनदा विंचरून घेतले, आणि तिला दुपारपासून तयार करून ठेवलं की मॅथ्समध्ये तू पुढे आहेस हे सांग, बुद्धिबळ सांग, टीव्हीचं सांगू नकोस. मयूराने पहिल्या मिनिटातच टीव्हीचं सांगितलं. फ्राउ लिंडनर हसल्या. पिकलेले आखूड केस, गळ्यात चष्मा, बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तिला विचारलं की तुला काय आवडतं, मैत्रिणी किती, सोडून यायचं वाईट वाटतं का. गणिताचं काही विचारलंच नाही. मुरलीधर बाजूला बसून गुडघा हलवत होता.

मग बाई त्याच्याकडे वळल्या. शांतपणे, सोप्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या की वयाने मयूरा चौथीत बसते, पण त्यांचं मत आहे की तिला तिसरीत घ्यावं. तिसरीच्या वर्गशिक्षिकेकडे जर्मन नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी रोज जादा तास असतो. अजून दीड वर्ष मिळेल, भाषा येईल आणि मग पुढच्या शाळेचा विचार करता येईल.

मुरलीधरच्या कानापर्यंत पहिलंच वाक्य पोचलं.

“नो,” तो म्हणाला. “शी हॅज पास्ड. शी हॅज नेव्हर फेल्ड एनी क्लास.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नापास झाल्याचं कुणीच म्हटलेलं नाही, त्या म्हणाल्या. मुरलीधरने आपल्या फोल्डरमधले रिपोर्ट एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरले. सुखदा टेबलाखालून त्याच्या पायावर पाय देत होती. त्याने पाय मागे घेतला. फोर्थ, प्लीज, तो म्हणाला, ओन्ली फोर्थ. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या की आईवडिलांचा आग्रह असेल तर चौथी. तिसरीची जागा मग त्या दुसऱ्या एका नव्या कुटुंबाला देतील, तेही विचारत होते.

लॅपटॉप मिटल्यावर सुखदाने आधी मयूराला वर पाठवलं आणि मग त्याला धारेवर धरलं. ती पुण्याची, भांडतानाही पूर्ण वाक्यं बोलते. तिने विचारलं की जर्मनचा एक शब्द न येणारी मुलगी चौथीत बसवून, काही महिन्यांत तिची शिफारस लिहायला लावण्यात त्याला नक्की कोणता मान वाटतो? मुरलीधर म्हणाला की वर्ष वाया जातं. सुखदा म्हणाली की नऊ वर्षांच्या मुलीचं वर्ष कुठे वाया जातं, ती काय पेन्शनला आली आहे?

“तुझ्या मशीनमध्ये शंका आली की फळ परत फिरवतात ना?” ती म्हणाली. “तेव्हा सफरचंदाची इज्जत जाते का?”

“सफरचंदाला निलंग्यात आत्या नसतात.”

यावर सुखदाला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. त्या रात्री दोघं पाठीला पाठ लावून झोपले.

मंजिरीताईला कळल्यावर ती ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तिने रुद्रचं सांगितलं, तिच्या मुलाचं. तेही असेच मध्यावर गेले होते, तिनेही हट्टाने वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसवलं होतं. गणितात मुलगा हुशार, पण तिकडचं गणितही शब्दांत असतं. गोष्ट वाचायची, मग हिशेब. रुद्र हिशेबापर्यंत पोचायचाच नाही. घरी येऊन बोलायचा नाही. आता मधल्या शाळेत आहे, चांगला आहे, मित्र आहेत, पुढे जाईलही. “पण ते वर्ष, मुरलीधरराव, तो वर्गात नुसता बसून होता. अजून विचारलं तर म्हणतो, मला काही आठवत नाही.” मुरलीधर म्हणाला की मयूरा मुलगी आहे, मुली भाषा लवकर उचलतात. मंजिरीताईने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून त्याचं घोडं अडलं. उलट फिरावं तर आपण चुकलो असं होतं, न फिरावं तर रुद्र डोळ्यांसमोर येतो, आणि त्या मुलाला त्याने नीट पाहिलंही नव्हतं. कामावर त्याने यंत्राची एक चाचणी तीन वेळा केली. सहकाऱ्याने विचारलं, “ऑल गुड, मरी?” तो नो वरीज म्हणाला, त्याच्या आयुष्यात त्या शब्दांचा इतका खोटा उपयोग कधी झाला नव्हता. घरी त्याने मयूराला ॲपवर जर्मन शिकवायला बसवलं. ॲप तिला शिकवत होतं की घोडा सफरचंद खातो. ती भराभर बरोबर बटणं दाबत होती आणि बाप मागे उभा राहून विचार करत होता की वर्गात कुणी घोड्याबद्दल विचारेल का.

शनिवारी तिला पोहायच्या क्लासला नेताना ती गाडीत मागे बसली होती. खिडकीबाहेर बघत तिने विचारलं की तिसरीत गेलं तर आधी जर्मन शिकवतात का? हो, तो म्हणाला. आणि चौथीत? चौथीत सगळ्यांना येतंच, तो म्हणाला. सिग्नल लागला.

“देन व्हाय डिड यू से नो?”

“कारण तू पास झालीयेस, बाळा.”

“पास्ड व्हॉट?”

इथल्या प्राथमिक शाळेत पास नाही, नापास नाही. वर्ष संपलं की मुलं पुढच्या वर्गात जातात, जसं जानेवारीनंतर फेब्रुवारीत जातात. ही परीक्षा मयूराने कधी दिलीच नव्हती. ती दिली होती एका पोराने, निलंग्यात, पंचवीस वर्षांमागे, आणि त्याचा निकाल तो या मुलीच्या दप्तरात घालून जर्मनीला नेत होता. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. ऑस्ट्रेलियात हॉर्न देतात म्हणजे फारच वेळ झाला असणार.

“आय डोन्ट वॉन्ट टू जस्ट सिट देअर,” मयूरा म्हणाली. म्हणजे स्पीकरवरचं ते फोनचं बोलणं तिने ऐकलं होतं, जिन्यात बसून, रुद्रसकट सगळं. रडत नव्हती. गॉगलची पट्टी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा त्याने ठरवून टाकलं होतं की आधी घरी सांगायचं, म्हणजे मागे फिरायला वाट उरणार नाही. आत्या होत्याच. तो म्हणाला की मयूराला तिकडे तिसरीत घालायचं विचारणार आहे, परत. थोरल्या आत्यांनी लगेच विचारलं की का रे, काय झालं पोरीला? त्याने भाषेचं सांगितलं, जादा तासाचं सांगितलं. पडद्यावर आई बराच वेळ हलली नाही. त्याला वाटलं नेट गेलं. मग ती म्हणाली, “म्हंजी तिला तिथं कुणाचंच काई कळणार नाही म्हण की. मग बसव की बाबा खाली. कळू दे तिला आधी.” आत्या आणखी काही विचारू लागल्या तर आई म्हणाली की भाजी लागंल, बघा जरा. मुरलीधरने दोन महिने ज्या घटकेची धास्ती घेतली होती ती अशी भाजीवर निघून गेली. त्याला थोडं फसवल्यासारखंच वाटलं.

पण जागा अजून मिळायची होती. सोमवारी संध्याकाळी, तिकडे शाळा भरल्यावर, त्याने ईमेल न करता सरळ फोन लावला. ईमेल लिहायला बसला असता तर सोबत पुन्हा रिपोर्ट जोडले असते. मयूरा शेजारी खुर्चीवर गुडघे दुमडून बसली होती. सुखदा ओट्याशी उभी राहून, आपण ऐकत नाही असं दाखवत, एकच कप पुसत होती.

फ्राउ लिंडनर यांनी ओळखलं. त्याने पाठ केलेलं वाक्य विसरून सरळ सांगितलं की मी चुकलो, तिला तिसरीत घ्याल का? बाईंनी विचारलं की मत का बदललं? मुरलीधरने सांगितलं की मी स्वतः एक वर्ष परत त्याच वर्गात बसलो होतो आणि लोक हसले होते. मला वाटलं तेच होईल. इंग्लिशमध्ये हे फारच थोडक्यात झालं. निलंगा, किराणा दुकानदार, शाब्बास म्हणणारे सर, सगळे दोन वाक्यांत बसले.

बाई म्हणाल्या की समजलं. पण तिसरीची ती जागा त्यांनी गेल्या आठवड्यात दिली होती. वर्ग भरला आहे. आणखी एक मूल घ्यायचं तर वर्गशिक्षिकेला विचारावं लागेल, कारण जादा तास तीच घेते. थांबता का? त्या म्हणाल्या, आणि थांबायला सांगून फोन हातात धरूनच निघाल्या.

मुरलीधरने स्पीकर लावला. चपलांचा आवाज आला, लांब व्हरांड्यातला. दार वाजलं. मग एकदम वर्ग कानावर आला. पंचवीसेक पोरांची कुजबूज, खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाची तरी पेन्सिल पडली. एक तरुण बाई काहीतरी म्हणाली. फ्राउ लिंडनर काहीतरी म्हणाल्या. तरुण बाईने काहीतरी विचारलं आणि वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न असावा, किंवा नकार असावा. मुरलीधर फोनवर वाकला होता. चार भाषा येणारा माणूस, पण त्या बोलण्यातला एकही शब्द त्याला पकडता येईना. वाक्य कुठे संपतं तेही कळेना. मध्येच त्याला ‘ऑस्ट्रालियन’ ऐकू आलं. त्यावर सगळा वर्ग हसला.

सुखदाचा कप हातात थांबला.

“व्हाय आर दे लाफिंग?” मयूराने हळूच विचारलं. “इज इट मी?”

त्याच्या ओठांवर आलं होतं की नाही बाळा, कुणी तुला हसत नाहीये. हे त्याला माहीत असायला हवं होतं, आणि नव्हतं.

“मला नाही कळलं गं,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची सरकवून फोनच्या अगदी जवळ आली आणि त्याच्याइतकीच वाकून ऐकू लागली. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. पलीकडे दार बंद झालं, वर्ग विझल्यासारखा गप्प झाला, चपला परत चालू लागल्या. मुरलीधर पावलं मोजायच्या बेतात होता, तेवढ्यात बाईंचा आवाज आला.

वर्गशिक्षिका तयार आहे, त्या म्हणाल्या. एक टेबल वाढवावं लागेल, खिडकीशी, जरा थंड जागा आहे, तर स्वेटर जाड आणा. मुलांना आत्ताच सांगितलं की ऑस्ट्रेलियाहून एक मुलगी येणार आहे. एका मुलाला विचारायचं आहे की तिच्या घरी कांगारू आहे का, आणि ती तो विमानातून कसा आणणार.

मुरलीधरने थँक यू म्हटलं, परत म्हटलं आणि तिसऱ्यांदाही म्हटलं. सुखदाने तो कप, जो मघापासून कोरडा होता, शेवटी फडताळात ठेवला. मयूरा मात्र हसली नाही. कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं की ‘कांगारू नाही’ हे जर्मनमध्ये कसं म्हणतात? बाबांना ठाऊक नव्हतं, आईला ठाऊक नव्हतं. तिने फोन ओढून घेतला आणि पुन्हा कानाला लावला, बाईंना विचारायला. पण बाई केव्हाच फोन ठेवून गेल्या होत्या.